भिंत रंगवण्याआधी पेठेला विचारा

महाराष्ट्रातली शहरे गेल्या दहा वर्षांत आपल्या भिंती झपाट्याने रंगवत आहेत. २०१५ मध्ये स्मार्ट सिटी योजना आली, २०१६ पासून स्वच्छ सर्वेक्षणात वरचा क्रमांक मिळवण्याची धडपड सुरू झाली, आणि २०२३ मध्ये जी-२० परिषदेच्या निमित्ताने मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर या शहरांत बैठका झाल्या, तेव्हा पाहुण्यांच्या गाड्या ज्या रस्त्यांवरून जाणार होत्या तिथले कठडे, उड्डाणपुलांचे खांब, शाळांच्या कुंपणभिंती अशी दिसेल ती जागा रंगून निघाली. उकिरडा झालेल्या कोपऱ्यापेक्षा रंगवलेला कोपरा केव्हाही बरा, हे मला मान्य आहे. पण क्षणभर थांबून या भिंती नीट पाहिल्या, तर त्यांवर दिसते ते असे: हातात हात घालून गोल नाचणाऱ्या वारली आकृत्या, पिसारा फुलवलेला मोर, 'झाडे लावा, झाडे जगवा', ओल्या-सुक्या कचऱ्याचे दोन डबे आणि ठरावीक महापुरुषांचे ठरावीक चेहरे. रस्त्यावरच्या पाट्या काढून टाकल्या, तर आपण नांदेडात आहोत, अकोल्यात आहोत की कोल्हापुरात, हे या भिंती पाहून कोणालाही सांगता येणार नाही.

शहराची ओळख दाखवण्यासाठी काढलेली चित्रे सगळ्या शहरांना एकसारखे करून टाकत असतील, तर त्याचा दोष भिंतीवर राबणाऱ्या चित्रकाराला देता येणार नाही. काम चौरस फुटाच्या दराने दिले जाते, ते पाहणी पथक येण्याच्या आत संपवायचे असते, आणि विषय अशा कार्यालयात ठरतो जिथून ती भिंत दिसतसुद्धा नाही. अशा कामात चित्रकार हाताशी असलेला साचाच वापरणार. म्हणून मला जे म्हणायचे आहे ते चित्रकलेपेक्षा अधिकाराबद्दल आहे. शहराची ओळख सांगणारे सामुदायिक भित्तिचित्र खरोखर करायचे असेल, तर त्याचा विषय ठरवण्याचा हक्क त्या भिंतीसमोर राहणाऱ्या माणसांना मिळाला पाहिजे, आणि ठरवायला लागेल तेवढा वेळही मिळाला पाहिजे. हे मी कोल्हापूरच्या उदाहरणाने मांडणार आहे, कारण हे शहर मला जवळचे आहे आणि इथे ही गोष्ट इतर अनेक ठिकाणांपेक्षा सहज घडू शकते.

आधी वारली चित्रांबद्दल, कारण त्यांचा उल्लेख तक्रारीसारखा वाटू नये. पालघर-ठाण्याच्या डोंगरपट्ट्यात लग्नघराची कुडाची भिंत सारवून, तिला गेरू देऊन, त्यावर तांदळाच्या पिठाने 'चौक' लिहिला जातो. त्या चौकात पालघाट देवी असते, तो लिहिण्याचा मान सवाशिणींचा असतो, आणि त्या लिखाणाला लग्नविधीत स्वतःचे स्थान असते. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि तिथून जगभरातल्या कलादालनांत नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इतक्या नेमक्या जागेची, नेमक्या प्रसंगाची आणि नेमक्या हातांची ही कला आज दोनशे-चारशे किलोमीटरवरच्या शहरांत कंत्राटी कामाची सोपी नक्षी झाली आहे. यात पालघरच्या बायकांना काही मिळत नाही आणि कोल्हापूरलाही काही मिळत नाही. ज्या शहराला स्वतःचे सांगण्यासारखे काही नाही, तेच शहर दुसऱ्याचा चौक उसना घेते. कोल्हापूरला तशी गरज पडावी, हे मला पटत नाही.

कोल्हापूरला 'कलापूर' म्हणण्याची आपल्याकडे जुनी हौस आहे आणि ती अनाठायी नाही. आबालाल रहिमान यांनी रंकाळा, कोटितीर्थ आणि पंचगंगेचा काठ इतक्या वेळा आणि इतक्या प्रहरांत रंगवला, की आजचा माणूस त्या चित्रांतून शंभर वर्षांपूर्वीचे शहराचे पाणी ओळखू शकतो. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले, त्यांनी स्वतः कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि चित्रपटाच्या जाहिरातीसाठी रंगवलेली भव्य पोस्टर्स लावण्याचा पायंडा पाडला. खरी कॉर्नरचा कॅमेरा मानस्तंभ त्याची आठवण देतो. त्यांच्याच तालमीत घडलेल्या मंडळींनी १९२९ मध्ये याच गावात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. सत्यशोधक विचारांचे आणि प्रजा परिषदेच्या लढ्याचे पुढारी भाई माधवराव बागल हेही मुळात चित्रकार होते. त्यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे बसले, आणि तेही बाबासाहेब हयात असताना. चौकात काय उभे राहावे, हा कोल्हापुरात नेहमीच सार्वजनिक प्रश्न होता. तो कार्यालयीन टिपणीवर सोडलेला नव्हता. आजही कलानिकेतन आणि दळवीज आर्ट्समधून शिकलेली मुले शहरात आहेत, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत रंगाचा हात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे, आणि फ्लेक्स बोर्डाने (कोल्हापुरात त्याला सरसकट 'डिजिटल' म्हणतात) ज्यांचे पोट मारले असे पाट्या रंगवणारे जुने पेंटरही आहेत. एका फटक्यात अक्षराला उंची आणि सावली देणारा हा पेंटर भित्तिचित्राच्या प्रकल्पात मजूर म्हणून नव्हे, तर उस्ताद म्हणून बसला पाहिजे.

म्हणजे हात आहेत, रंग आहेत, परंपराही आहे. मग विषय काय, असे विचारले की उत्तर मात्र फार पटकन येते आणि तिथेच घोटाळा होतो. अंबाबाई, शाहू महाराज, रंकाळा, पैलवान, फेटा, साज, चप्पल, तांबडा-पांढरा. ही यादी खोटी नाही. पण ती बाहेरून येणाऱ्याला दाखवायची यादी आहे; हॉटेलच्या भिंतीवर, टी-शर्टवर, मिठाईच्या खोक्यावर ती आधीच छापलेली आहे. शहरात राहणाऱ्या माणसाला तिच्यात स्वतःचे घर, स्वतःचे काम, स्वतःचा रस्ता सापडत नाही.

यातल्या चपलेचेच बघू. भिंतीवर दहा फूट लांबीची तांबूस कोल्हापुरी चप्पल काढणे सोपे आहे आणि ती देखणीही दिसेल. पण चप्पल स्वतः होत नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे कमवावे लागते, तळाचे थर एकमेकांवर बसवून ठोकावे लागतात, आणि ते खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीने शिवावे लागतात. वेणी घालण्याचे आणि पट्टे सजवण्याचे काम बहुधा घरातल्या बायका उंबऱ्याशी बसून करतात. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, तेही महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. म्हणजे ज्या वस्तूला आपण फक्त आपली म्हणतो ती सीमेच्या दोन्ही बाजूंच्या चर्मकारांची आहे, हे कायद्यानेही मान्य केले. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारखी पायताणे उगमाचा उल्लेख न करता मांडली, तेव्हा आपल्याला राग आला आणि तो रास्त होता. पुढे त्या कंपनीला भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य करावी लागली. पण आपल्याच चौकात आपण चप्पल काढतो आणि ती करणारे हात, ती करणारी जात, कातड्याच्या वासामुळे गावाबाहेर ढकललेली ती वस्ती वगळतो, तेव्हा आपणही उगम लपवतच असतो. सुभाषनगरातल्या कारागिरांना विचारून ही भिंत झाली, तर तिथे चपलेआधी बाभळीची साल येईल, आरी आणि रापी येईल, वेणी घालणारी बाई येईल. तेच शहराचे खरे चित्र ठरेल.

आता सर्वांत नाजूक मुद्दा, आणि तो मी पूर्ण आदराने मांडतो आहे. सामुदायिक भित्तिचित्रात महापुरुषांचे मोठे चेहरे काढू नयेत, असे माझे मत आहे. आपल्याकडे पूज्य व्यक्तीचा चेहरा ज्या भिंतीवर येतो, ती भिंत त्या दिवसापासून कोणाच्याही हाताबाहेर जाते. तिच्यावर पावसाचे ओघळ येतात, शेवाळ चढते, पोपडे सुटतात, शेजारी गटार तुंबते, कोणी पान खाऊन थुंकतो. आणि यातली प्रत्येक गोष्ट विटंबना ठरू शकते. मग दुरुस्ती करायला ब्रश लावायचा तरी कोणाची परवानगी घ्यायची, चेहरा हुबेहूब आला नाही तर जबाबदार कोण, रस्ता रुंद करताना भिंत पाडायची वेळ आली तर काय, असे प्रश्न उभे राहतात आणि त्यांतून कधी कधी दगड उचलले जातात. ज्यांनी आयुष्यभर माणसे जोडली त्यांचे चित्र माणसांत फूट पाडायला निमित्त व्हावे, यापेक्षा मोठी विटंबना कोणती? पुतळ्यासाठी चौथरा असतो, समिती असते, नित्य देखभाल असते. उघड्यावरच्या भिंतीला यातले काहीच नसते. तिच्यावर चेहरा काढून आपण त्या थोर माणसाला पावसापाण्यात आणि भांडणात एकटे सोडतो.

शिवाय चेहऱ्याने गोष्ट संपते. राजर्षी शाहूंचा फेट्यातला चेहरा पाहिला की पाहणारा हात जोडतो आणि पुढे जातो. त्याऐवजी भाऊसिंगजी रस्त्यावर गंगाराम कांबळे यांचे चहाचे दुकान काढा. दरबारच्या नोकरीत असताना सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून मार खाल्लेल्या या माणसाला महाराजांनी चहाचे दुकान काढून दिले, आणि वरच्या जातीचे लोक तिथे येईनात तेव्हा स्वतः तिथे थांबून चहा घेतला, सोबतच्यांनाही घ्यायला लावला. एक बाकडे, किटली, कपबश्या आणि दाराशी थांबलेली बग्गी, एवढ्यात ती सगळी गोष्ट येते. भिंतीसमोरून शाळेत जाणारी पोर 'हे दुकान कुणाचं?' म्हणून विचारेल, आणि तिला उत्तर देण्यासाठी घरातल्या कोणाला तरी ते माहीत करून घ्यावे लागेल. तीच गोष्ट दसरा चौकाच्या आसपासच्या बोर्डिंगांची. वेगवेगळ्या जातीधर्मांच्या मुलांना शिकता यावे म्हणून महाराजांनी उभारलेली आणि उभारायला हातभार लावलेली ही वसतिगृहे, त्यांतले पत्र्याचे ट्रंक, कंदील, पंक्ती हे सगळे २६ जुलै १९०२ च्या पन्नास टक्के राखीव जागांच्या आदेशाइतकेच बोलके आहे. माणूस दाखवायचा तर त्याचे काम दाखवावे.

हे असे काम कुठे झाले आहे का? झाले आहे, आणि मोठ्या प्रमाणावर. लॉस एंजलिसमध्ये पुराचे पाणी वाहून नेण्यासाठी बांधलेला एक काँक्रीटचा कालवा आहे. तो सुशोभित करण्याचे काम १९७४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने ज्युडिथ बाका या चित्रकर्तीपुढे ठेवले. तिने सुशोभीकरणाऐवजी त्या कालव्याच्या भिंतीवर कॅलिफोर्नियाचा इतिहास मांडायचे ठरवले. १९७६ ते १९८३ या काळात पाच उन्हाळे चारशेहून अधिक तरुण मुलामुलींनी तिथे काम केले. त्यांतली अनेक मुले पोलीस ठाण्याची आणि बालन्यायालयाची पायरी चढून आलेली होती. चित्राची लांबी २,७५४ फूट झाली. मला त्या लांबीपेक्षा महत्त्वाची वाटते ती त्यामागची तयारी. इतिहासाचे अभ्यासक बोलावले गेले, वस्तीतल्या वृद्धांकडून आठवणी ऐकल्या गेल्या, आणि त्यातून शालेय पुस्तकात नसलेले प्रसंग भिंतीवर आले: दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेले जपानी वंशाचे नागरिक, मंदीच्या काळात हाकलून दिलेली मेक्सिकन कुटुंबे, स्टेडियमसाठी उठवलेली वस्ती. शहराचे गुणगान करायचे म्हणून शहराचे दुःख आणि शहराने केलेला अन्याय त्यांनी लपवला नाही. आपल्याकडे 'ओळख साजरी करणे' म्हणजे फक्त छान छान काढणे, अशी समजूत आहे. ती आधी मोडायला हवी.

कोल्हापुरात 'समुदाय' म्हणजे कोण, हा प्रश्न मात्र टाळता येणार नाही. इथे त्याचे एक तयार उत्तर आहे: तालीम. तालीम म्हणजे आता निव्वळ कुस्तीचा आखाडा राहिलेली नाही. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावे फुटबॉलच्या मैदानावर जशी गाजतात, तशीच ती गणपतीच्या मांडवात, मोहरमच्या पंजाजवळ आणि पुराच्या काळात चुलीवर चढलेल्या भल्या मोठ्या पातेल्याजवळही ऐकू येतात. ज्या वर्षी गणेशोत्सव आणि मोहरम एकत्र आले, त्या वर्षी शहरातल्या अनेक तालमींत गणपती आणि पंजा एकाच छपराखाली बसले. याच शहरात जून २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरच्या मजकुरावरून तणाव उसळला, हेही खरे आहे. एखाद्या चित्राने असला तणाव निवळतो, असा माझा भाबडा समज नाही. पण एका छपराखालचे गणपती आणि पंजा ही कोल्हापूरची ओळख आहे की नाही, आणि असेल तर ती भिंतीवर यावी की नाही, यावर त्या तालमीतल्या माणसांनी तासभर समोरासमोर बसून बोलणे मला मोलाचे वाटते. चित्र झाले नाही तरीही.

तालमीच्या मर्यादाही तितक्याच उघड आहेत. तिथे बायका नसतात, किंवा असल्या तरी बोलत नाहीत. उद्यमनगरातल्या भट्ट्यांवर आणि लेथवर काम करणारा बिहारचा किंवा उत्तर प्रदेशचा मजूर तिथे नसतो. भाडेकरू नसतो, फेरीवाला नसतो. तालमी-तालमींत ईर्ष्या अशी, की कोणाचे नाव मोठ्या अक्षरात यावे यावरूनच काम बंद पडेल. म्हणून विषयाची बैठक एकट्या तालमीच्या हाती देऊ नये. बचत गटाच्या बायका, महापालिकेच्या शाळेतली सातवी-आठवीतली मुले आणि त्या गल्लीत व्यवसाय करणारी माणसे यांच्या बैठका आधी वेगळ्या व्हाव्यात आणि मग एकत्र. कारण पहिल्याच एकत्र बैठकीत जो मोठ्याने बोलतो त्याचेच चित्र निघते, हे सार्वजनिक कामात वावरलेल्या कोणालाही ठाऊक आहे. फिलाडेल्फिया शहरात १९८४ पासून चालू असलेल्या भित्तिचित्रांच्या उपक्रमाकडून एक युक्ती घेण्यासारखी आहे. तिथे चित्राचे भाग पातळ कापडावर आखून घेतात, लोक ते शाळेत, सभागृहात किंवा घराजवळच्या केंद्रात बसून रंगवतात, आणि मग ते कापड भिंतीवर चिकटवले जाते. परांचीवर चढायला न धजणारी आजी, शाळकरी पोर, दिवसभर कामावर असलेली बाई या सगळ्यांचा हात त्यामुळे चित्राला लागू शकतो. आपल्या पावसात ते कापड कितपत टिकते हे आधी एखाद्या लहान भिंतीवर पाहावे लागेल. पण तुळईएवढ्या उंचीवर लटकून ब्रश चालवू शकणारे चार तरुण म्हणजेच लोकसहभाग, ही व्याख्या तेवढ्याने तरी सुटेल.

यावर चित्रकार मित्रांचा आक्षेप मला ठाऊक आहे. समितीने कधी चांगले चित्र काढले आहे का, असे ते विचारतात. पन्नास जणांचे समाधान करायला गेले की चित्राचे सरकारी गॅझेट होते, आणि चित्रकाराचा हात बांधला जातो. या आक्षेपात तथ्य आहे. दिल्लीच्या लोधी कॉलनीत किंवा २०१७ मध्ये मुंबईच्या ससून डॉकमध्ये भिंती रंगवण्याचे जे काम झाले, ते मुख्यतः चित्रकारांच्या स्वतंत्र प्रतिभेचे काम होते आणि त्यामुळेच ते पाहण्यासारखे झाले. असे काम शहरात जरूर व्हावे. पण ते चित्रकाराचे काम म्हणून व्हावे, 'शहराची ओळख' म्हणून नव्हे. ज्या भिंतीला आपण सगळ्यांची म्हणणार, तिथे काय सांगायचे ते वस्तीने ठरवावे, आणि ते कसे सांगायचे, म्हणजे मांडणी, आकार, रंग, काय गाळायचे, यात मात्र चित्रकाराचा शब्द शेवटचा असावा. बैठक संपली की नगरसेवकाने, देणगीदाराने किंवा मंडळाच्या अध्यक्षाने परांचीखाली उभे राहून 'इथे जरा आमचं चिन्ह टाका' म्हणायचे नाही, हे लेखी करारात असावे.

कराराचा आग्रह मी उगाच धरत नाही. अमरनाथ सहगल या शिल्पकाराने दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी केलेले भव्य कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकले गेले. सहगल न्यायालयात गेले, आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की कलाकृती विकली किंवा दिली गेली तरी तिच्या अखंडतेवरचा कलावंताचा नैतिक हक्क संपत नाही. सरकारने ते शिल्प परत करावे आणि भरपाई द्यावी. सामुदायिक चित्रात कलावंत एक नसतो, म्हणून हा प्रश्न आणखी गुंततो. भिंत महापालिकेची, रंग देणगीतला, आखणी चित्रकाराची, हात शंभर जणांचे. उद्या ती पुसायची वेळ आली तर कोणाला विचारायचे, हे आधीच लिहून ठेवलेले बरे. मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा १९९५ चा राज्याचा कायदा परवानगीशिवाय भिंतीवर काही करू देत नाही. पण परवानगीने केलेल्या चित्रावर दुसऱ्याच आठवड्यात वाढदिवसाचे डिजिटल लागते, तेव्हा तोच कायदा कागदातच राहतो. तो वापरला जावा, एवढे तरी महापालिकेने करावे.

दुसरा आक्षेप सामान्य नागरिकाचा आहे आणि तो मला चित्रकारांच्या आक्षेपापेक्षा वजनदार वाटतो. पंचगंगेत मैलापाणी मिसळते आहे, रंकाळ्याला अधूनमधून जलपर्णी ग्रासते, रस्त्यांत खड्डे आहेत, आणि तुम्ही भिंती कसल्या रंगवता? याचे माझे उत्तर असे की ज्या चित्रात जलपर्णी काढायला बंदी असेल, ते चित्र काढूच नये. नदीकाठच्या वस्तीने आपल्या भिंतीवर काळे पाणी काढायचे ठरवले, तर महापालिकेला ते सोसता आले पाहिजे. ते सोसत नसेल, तर तिला सामुदायिक भित्तिचित्र नको आहे, जाहिरात हवी आहे, आणि तिने ती जाहिरातीच्या खर्चातून करावी.

भिंतीच्या निवडीबद्दल थोडे. काळ्या दगडाची जुनी बांधकामे, तटबंदी, घाट, कमानी यांना रंग लावू नये. त्या दगडाचा उघडेपणा हेच त्याचे रूप आहे आणि एकदा रंग शिरला की तो निघत नाही. प्लास्टरच्या भिंतीतही आधी ओल पाहावी, वर पाणी अडवणारी पट्टी आहे का ते पाहावे. नैऋत्येकडून सरळ अंगावर येणारा आपला पाऊस आणि त्यानंतरचे ऊन यांत भडक लाल-गुलाबी रंग लवकर उडतात, तर गेरू, पिवळी माती, काजळी यांच्या जातीचे रंग कितीतरी अधिक टिकतात. कोल्हापूरच्या मातीचे, कातड्याचे आणि गुळाचे रंग तसेही याच घराण्यातले आहेत.

सुरुवात कुठून करावी, यावर माझे मत पक्के आहे. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात हे दोन आकडे शहरातल्या लहान पोरालाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. व्हीनस कॉर्नरला होड्या चालल्या, पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, आणि कुंभार गल्लीत रंगकामाला आलेले गणपती पाण्यात विरघळले. सुतारवाड्यातल्या माणसांना तर पाणी चढू लागले की सर्वांत आधी घर सोडावे लागते; भांडी माळ्यावर, कागदपत्रे पिशवीत, म्हातारी माणसे पुढे, हा त्यांचा दर मोठ्या पावसाचा शिरस्ता आहे. शहराच्या कोणत्याही पर्यटन पत्रकावर ही गोष्ट नाही, आणि तरीही आजच्या कोल्हापूरकरांना एकमेकांशी जोडणारी याहून मोठी गोष्ट मला दिसत नाही. त्या दिवसांत कोणी कोणाची जात विचारली नाही, असे सगळे म्हणतात. ते कितपत खरे होते, हेही त्या वस्तीनेच सांगावे.

म्हणून पहिली भिंत सुतारवाड्याच्या परिसरात घ्यावी. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या रेषा तिच्यावर मोजून, अभियंत्याकडून तपासून आखाव्यात, म्हणजे चित्राचा उपयोग पुढच्या पावसाळ्यातही होईल. रेषेच्या खाली काय गेले आणि वर काय वाचले, ते लोकांनी सांगावे. बैठका आणि रेखाटने जून ते सप्टेंबर या पावसाच्या महिन्यांत, शाळेच्या वर्गांत आणि तालमीच्या माडीवर व्हावीत; भिंतीचे काम दिवाळीनंतर सुरू होऊन मेच्या आत संपावे. एकूण खर्चातला किमान पाचवा हिस्सा देखभालीसाठी वेगळा ठेवावा आणि त्याचा हिशेब वस्तीतल्या बचत गटाकडे असावा. उद्घाटनाच्या कोनशिलेवर नावे घालायचीच असतील, तर ती ज्यांनी रंगवले त्यांची असावीत, वयाच्या क्रमाने, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. एवढे एका भिंतीवर नीट पार पडले, तरच दुसऱ्या पेठेकडे वळावे.